बसणारी आणि काढणारी

 रोवणी आटोपली असेल, कंबर जरा सरळ झाली असेल, म्हणून आज थोडा निराळा विषय घेतला आहे. या कार्यक्रमात आपण बँकेच्या कर्जावर बोललो, रक्त कमी असण्यावर बोललो, शेळीपालनावर तर तीनदा बोललो. आज चित्राबद्दल बोलू. देवादिकांचं, फुलापानांचं चित्र नाही. समोर जिवंत माणूस बसवायचं, त्याच्याकडे बघत बघत त्याला कागदावर उतरवायचं, आणि तेही विकायला नाही, आपल्या आनंदासाठी. आज त्या चित्राचा इतिहास सांगतो.

हा विषय आमच्याकडे आला तो असा. गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या एका गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, इतिवृत्त लिहून झालं, पण पाऊस काही थांबेना. एका सदस्येची मुलगी तिथेच बसली होती. ती इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करत होती. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो, त्यात माणसं काढावी लागतात. तिनं समोरच्या मावशीला म्हटलं, "मावशी, अशाच बसा जी. दहा मिनिटं हलू नका." मावशी पाय दुमडून, गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली होती. तशीच राहिली. दहा मिनिटांनी कागदावर मावशी उतरली. चेहरा काही जमला नव्हता, पण बसणं मावशीचंच होतं. पाठीचा बाक, पदराची गाठ, जमिनीला टेकलेला अंगठा, सगळं ओळखीचं. मग दुसरीनं हात पुढे केला, "दे बरं मले ते पेन्सिल."

तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या बैठकीत, काम झाल्यावर, अर्धा तास आम्ही हेच करतो. एक बसते, बाकीच्या काढतात.

गावात लगेच कुजबुज झाली. "गटात आता बायांचे फोटो काढतेत म्हणे." एका घरून निरोप आला की आमची सून आता बैठकीला येणार नाही. आणि ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी सरळ विचारलं, "यातून मिळते काय?" आम्हाला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. आम्ही सहयोगिनी एरवी मसाल्याच्या पॅकिंगचा नफा पाठ सांगतो, पण या प्रश्नाला गप्प बसलो. मग घरी येऊन वाचायला लागलो. जे सापडलं ते आज सांगतो.

त्याआधी एक आठवण करून देतो, जी आपल्यापैकी बहुतेकींची असेल. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपल्याला म्हटलं, "इथे बस, मान वर कर, हलू नको", ते कधी? पाहायला पाहुणे आले तेव्हा. चहाचा ट्रे ठेवला, पाटावर बसलो, समोर सहा-सात माणसं. रंग बघितला, उंची बघितली, एखाद्या ठिकाणी चालूनही दाखवायला लावलं. त्या बघण्यात आपण सोडून सगळं बघितलं गेलं. म्हणून कोणी आपल्याकडे टक लावून बघितलं की आपण पदर सारखा करतो आणि मान खाली घालतो. चित्र काढणारीही टक लावूनच बघते. मग तिच्या बघण्यात आणि पाहुण्यांच्या बघण्यात फरक काय? आजच्या गोष्टीत शेवटपर्यंत हाच प्रश्न आहे.

आता मुंबईला जाऊ. सर जमशेदजी जीजीभाई नावाचे मोठे पारशी व्यापारी होते. त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत चित्रकलेची शाळा निघाली. तेच आजचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. आपल्या पोरापोरींच्या चित्रकला परीक्षांमागची शिकवण बरीचशी तिथूनच आलेली. त्या शाळेत इंग्रजांनी त्यांच्या देशातली पद्धत आणली. आधी ठोकळे आणि भांडी काढायची. मग प्लॅस्टरचे पांढरे पुतळे काढायचे, ग्रीक देवांचे, तुटक्या हातांचे. पुतळा हलत नाही, दमत नाही, पैसे मागत नाही. त्याच्यावर हात बसला की मग जिवंत माणूस.

या शाळेचे एक शिक्षक होते जॉन ग्रिफिथ्स. ते १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत जात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेत. हे काम १८८५ पर्यंत चाललं. अजिंठ्याच्या भिंतींवर राजे आहेत, भिक्षू आहेत, आणि तितक्याच बायाही आहेत. टेकून बसलेल्या, आरशात बघणाऱ्या, ताट घेऊन उभ्या राहिलेल्या. ज्यांनी त्या काढल्या त्यांनी बायांचं बसणं-उठणं नीट बघितलं होतं, हे लांबूनही कळतं. म्हणजे माणसाचं अंग बघून काढणं काही इंग्रजांनीच आपल्याला शिकवलेलं नाही. आपल्याकडे ते दीड हजार वर्षांपूर्वीच भिंतीवर होतं.

जे. जे. मध्ये १८९० साली कोल्हापूरचा एक तरुण आला, महादेव विश्वनाथ धुरंधर. आधी विद्यार्थी, मग शिक्षक, आणि शेवटी त्या शाळेचे प्रमुख. एकेचाळीस वर्षं ते तिथे होते, आणि त्यांच्या आत्मचरित्राचं नावही 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असंच आहे. धुरंधरांनी बाजारातल्या, घाटावरच्या, लग्नातल्या, रस्त्यावरच्या बाया इतक्या काढल्या की शंभर वर्षांपूर्वी कोण कशी साडी नेसायची आणि डोक्यावर टोपली कशी धरायची हे आज त्यांच्या चित्रांत बघता येतं. घरच्या माणसांनाही त्यांनी कितीदा तरी कागदावर उतरवलं. त्यांची मुलगी अंबिका, जन्म १९१२ चा, पुढे स्वतः त्याच शाळेत शिकली आणि १९३१ मध्ये पदविका घेऊन चित्रकार झाली. तो काळ मुलींनी चित्रकलेच्या शाळेत जाण्याचा नव्हता.

याच शाळेत १९१९-२० च्या सुमारास एक मोठा बदल झाला. ग्लॅडस्टन सॉलोमन नावाचे ब्रिटिश चित्रकार शाळेचे प्रमुख झाले. त्यांनी विवस्त्र, म्हणजे अंगावर कपडे नसलेल्या माणसाला समोर बसवून चित्र काढण्याचा वर्ग सुरू केला. त्यांचं म्हणणं असं की कपड्याच्या आत हाड कुठे आहे, स्नायू कुठे आहे हे कळल्याशिवाय कपडा घातलेला माणूसही नीट काढता येत नाही. डॉक्टर शरीर शिकतो तसं चित्रकारानंही शिकावं. यावर टीका भरपूर झाली. तिकडे कोलकात्यात अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांच्या बाजूचे लोक तर म्हणतच होते की समोर माणूस बसवून हुबेहूब काढणं ही परदेशी सवय आहे, भारतीय चित्रकार मनातलं रूप काढतो. हा वाद पुष्कळ वर्षं चालला. दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती, हुशार माणसं होती. पण समोर जी बाई बसायची तिला काय वाटतं, हे त्या वादात कोणी विचारल्याचं आमच्या वाचनात आलं नाही.

आता जरा आणखी लांब, इंग्लंडला जाऊ, कारण ही पद्धत जिथून आली तिथल्या बायांचं काय झालं हे ऐकण्यासारखं आहे. लंडनमध्ये १७६८ साली रॉयल अकादमी नावाची चित्रकारांची मोठी संस्था निघाली. स्थापनेच्या सदस्यांत दोन बाया होत्या, अँजेलिका कौफमन आणि मेरी मोझर. पुढे योहान झोफानी नावाच्या चित्रकारानं सदस्यांचं एक चित्र काढलं. खोलीत पुरुष मॉडेल बसला आहे आणि सदस्य भोवती जमले आहेत. मग या दोघी कुठे आहेत? भिंतीवर! टांगलेल्या तसबिरींत त्यांचे फक्त चेहरे दाखवले आहेत. कारण उघड्या अंगाचा मॉडेल असलेल्या खोलीत बाईनं असणं चालत नव्हतं. स्वतः सदस्य असूनही त्यांना भिंतीवर लटकावं लागलं. आपल्याकडे सरपंच बाईच्या खुर्चीवर नवरा बसतो आणि बाईचं नाव फक्त पाटीवर असतं, त्यातलाच हा प्रकार.

त्या संस्थेनं मुलींना जिवंत मॉडेलवरून शिकायची परवानगी दिली ती थेट १८९३ मध्ये, तीही मॉडेलच्या अंगावर पुरेसं कापड राहील या अटीवर. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेनं मुलींना १८९७ मध्ये घेतलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला थॉमस ईकिन्स नावाचे शिक्षक होते. मुली शिकत असलेल्या वर्गात त्यांनी पुरुष मॉडेलची लंगोटी काढली, म्हणून १८८६ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली.

हे वाचताना आमच्या लक्षात एक गोष्ट आली. बाईनं कपड्याशिवाय बसावं आणि पुरुषांनी तिला काढावं, हे शेकडो वर्षं चाललं. बाईनं हातात पेन्सिल घेतली आणि बघायला लागली, की मात्र सगळ्यांना अब्रू आठवली. म्हणजे अडचण अंगाची कमी आणि बघणाऱ्याच्या जागी कोण बसलं आहे याची जास्त होती.

आता बसणारीकडे येऊ. चित्रकारांची नावं आम्ही तुम्हाला धडाधड सांगितली, साल-तारखेसकट. बसणाऱ्यांची सांगता येत नाहीत. चित्राखाली लिहिलेलं असतं 'स्त्री', 'अभ्यास', 'बसलेली आकृती'. ती कुठल्या गावची, तिला लेकरं किती, त्या दिवशी ती जेवून आली होती का, काही नाही. मुंबईत या कामाला आलेल्या बाया बहुतेक गरीब घरातल्या, रोजावर काम करणाऱ्या. घरी सांगायची सोय नाही. शेजारीण विचारते, कुठे जाते गं? सांगावं लागतं, शाळेत साफसफाईला जाते.

२०१८ साली रवी जाधव यांचा 'न्यूड' नावाचा मराठी सिनेमा आला. त्यात यमुना नावाची बाई नवऱ्याच्या जाचाला कंटाळून मुलाला घेऊन मुंबईत येते आणि पोराच्या शिक्षणासाठी कलाशाळेत मॉडेलचं काम करते. हे पात्र कल्याणी मुळे यांनी केलं आहे आणि तिला आसरा देणाऱ्या आक्काचं काम छाया कदम यांनी केलं आहे. हा सिनेमा गोव्याच्या सरकारी महोत्सवातून आधी वगळला गेला होता, त्यावर मोठा गदारोळ झाला होता. सिनेमा न बघता पुष्कळांनी नावावरूनच मत बनवलं. आमच्या गटातल्या काहींनी तो पाहिला. एक मावशी म्हणाली, "यात वंगाळ काय आहे? बाई मजुरी करते अन् पोराले शिकवते. आपण काय येगळं करतो?"

मजुरी, हा शब्द मावशीनं बरोबर धरला. हलू नका म्हणणं सोपं आहे. कलाशाळेत मॉडेल साधारण वीस-पंचवीस मिनिटं एकाच स्थितीत राहते, मग पाच मिनिटं विश्रांती, मग पुन्हा तीच स्थिती. पाय नेमके तिथेच यावेत म्हणून भोवती खडूनं खूण करतात. असं तासन् तास चालतं. आम्ही हे दहा मिनिटं करून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला नाक खाजतं. पाचव्याला मुंग्या येतात. सातव्याला वाटतं हा पाय आपला नाहीच. दिवसभर वाकून रोवणा करणाऱ्या बाया आम्ही, पण न हलता बसणं त्याहून अवघड वाटलं. रोवण्यात निदान बोलता येतं, गाणी म्हणता येतात. तेव्हा बसणं हेही काम आहे, आणि चांगलं चित्र दोघींच्या कामातून होतं, हे आम्हाला पुस्तकातून नाही, पायाच्या मुंग्यांतून कळलं.

पण काही बाया अशाही होऊन गेल्या ज्यांनी बसणारी आणि काढणारी यांच्यामधली रेघ ओलांडली. त्यांच्याबद्दल सांगताना आम्हाला फार आनंद होतो.

एक सुझान व्हॅलाडॉन, फ्रान्सची. जन्म १८६५. आई धुणं धुवायची, बापाचा पत्ता नव्हता. पोर लहानपणापासून मिळेल ते काम करायची. सर्कशीत कसरती करायची, तिथून पडली आणि ते काम सुटलं. मग पॅरिसमध्ये चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसायला लागली. रन्वारसारख्या नावाजलेल्या चित्रकारांनी तिला काढलं. १८८३ मधलं त्याचं नाचणाऱ्या जोडप्याचं एक प्रसिद्ध चित्र आहे, त्यातली बाई हीच. पण ही नुसती बसली नाही. बसल्या बसल्या बघत राहिली, हात कसा चालतो, रेघ कुठून सुरू होते. शाळेचं तोंड न बघता ती स्वतः काढायला लागली. कोणाला काढलं? आपल्या म्हाताऱ्या आईला, आपल्या पोराला, अंघोळ करणाऱ्या, केस पुसणाऱ्या बायांना. देगा नावाच्या मोठ्या चित्रकारानं तिची रेखाचित्रं विकत घेतली. धोबिणीची मुलगी, शाळा नाही, शिक्षक नाही. पण तिच्या चित्रातल्या बाया सुंदर दिसण्यासाठी बसलेल्या नाहीत. आपापल्या कामात आहेत.

दुसरी लॉरा नाइट, इंग्लंडची. शिकताना मुलगी म्हणून तिला जिवंत मॉडेलच्या वर्गात जाऊ दिलं नव्हतं, पुतळेच काढावे लागले होते. १९१३ साली तिनं एक चित्र काढलं. त्यात ती स्वतः हातात कुंचला घेऊन उभी आहे आणि समोर तिची मॉडेल. ती मॉडेल म्हणजे तिची मैत्रीण, एला नेपर, दागिने घडवणारी कलाकार. लक्षात घ्या, इथे बसणारीचं नाव आपल्याला माहीत आहे. मैत्रीण मैत्रिणीसाठी बसली म्हणून ते राहिलं. १९३६ मध्ये लॉरा नाइट त्याच रॉयल अकादमीची पूर्ण सदस्य झाली. भिंतीवर लटकवलेल्या त्या दोघींनंतर तेवढा मान मिळालेली ती पहिली बाई. मधे दीडशेहून जास्त वर्षं गेली.

तिसरी आपली अमृता शेरगिल. वडील पंजाबी, आई हंगेरियन. पॅरिसमध्ये शिकली. तिथे १९३३ साली तिनं एक चित्र काढलं, त्याचं नाव 'व्यावसायिक मॉडेल'. त्यातली बाई तरुण नाही, नटलेली नाही. खांदे पडलेले, अंग थकलेलं, नजर कुठेतरी हरवलेली. रोजावरची बाई कामाच्या शेवटी दिसते तशी. अमृतानं तिला सजवलं नाही आणि तिची कीवही केली नाही. जशी दिसली तशी काढली. पुढे ती भारतात आली, १९३६ मध्ये अजिंठा पाहिला, आणि मग तिनं आपल्यासारख्या गावातल्या बाया मोठ्या ताकदीनं रंगवल्या. १९४१ मध्ये, जेमतेम अठ्ठावीस वर्षांची असताना ती गेली.

एक पुरुषही सांगतो, कारण तो आपल्यातला वाटला. के. एच. आरा. मुंबईत लोकांच्या घरी घरगडी म्हणून राहिले, गाड्या धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. उरलेल्या वेळात चित्रं काढायचे. पुढे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या नामांकित गटात ते सामील होते आणि त्यांनी काढलेली बायांच्या अंगाची चित्रं गाजली. घरकाम करणाऱ्याला चित्राचं काय कळणार, असं कोणी म्हटलं तर आरांचं नाव सांगा.

तुम्ही म्हणाल, हे सगळे मोठे झाले. आम्हाला काही मोठं व्हायचं नाही. खरं आहे, आणि तेच आज सांगायचं आहे. आनंदासाठी काढणं हीसुद्धा जुनीच गोष्ट आहे. सातारा भागात औंध नावाचं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी राज्यकारभार सांभाळून स्वतः चित्रं काढायचे, त्यांना पोटासाठी काढायची गरज नव्हती. राजानं हौसेनं काढलं तर छंद म्हणायचं, आणि बचत गटातल्या बाईनं काढलं तर रिकामटेकडेपणा, असं का?

आपण बाया काढत नाही असं नाही. दारात रांगोळी काढतो, लग्नात चौक भरतो. पालघरकडच्या वारली बाया तर लग्नाच्या भिंतीवर दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस उभा करतात. पण ते सगळं घरासाठी, देवासाठी, सणासाठी. स्वतःला किंवा शेजारणीला आपण कधी काढलं नाही. बाईच्या अंगाकडे बाईनंच नीट बघितलं नाही. दुखलं तरी बघितलं नाही, हे आरोग्य तपासणीच्या दिवशी आम्हाला नेहमी दिसतं.

आता आमच्या गटात कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल. आम्ही कपड्यातच बसतो, जी साडी अंगावर असेल तीत. कलाशाळेतल्या बायांच्या कामाला आम्ही कमी लेखत नाही, पण आमच्या आनंदाला तेवढं पुरतं. प्रत्येकीची बसायची पाळी येते आणि प्रत्येकीची काढायचीही. एकच बाई कायम बसलेली, असं होत नाही. पाळी आली तरी नको म्हणायचा हक्क आहे, आणि का नको हे सांगावं लागत नाही. कसं बसायचं ते बसणारीच ठरवते. कोणी सुपात तांदूळ घेऊन बसते, कोणी विड्या वळता वळता थांबते, कोणी भिंतीला टेकून डोळे मिटते. मोबाइल पिशवीत, फोटो काढायचा नाही. दात, पोट, रंग यावरून एकही शब्द नाही. आणि चित्र कोणीही काढलेलं असो, त्यावर पहिला हक्क बसणारीचा. तिला आवडलं तर ती घरी नेते, नाही आवडलं तर फाडायला सांगते.

सामान काही लागत नाही. जुन्या अर्जांच्या कोऱ्या पाठी आणि पेन्सिल. कोळशाची कांडी घरी होते. बारीक वाळक्या काड्या छोट्या डब्यात गच्च भरायच्या, झाकणाला एक बारीक छिद्र पाडायचं, डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवायचा, धूर थांबला की बाहेर काढून पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचा. मोठे चित्रकारही कोळशानंच रेखाटतात.

आधी नाक-डोळे काढायला जाऊ नका. आधी पाठीची रेघ बघा, खांदा कुठे उतरतो ते बघा, भार कुठल्या बाजूला आहे ते बघा. पेन्सिल हात लांब करून डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा आणि मोजा, डोकं एवढं तर गुडघा कुठे. मोठं माणूस उभं राहिलं की त्याची उंची साधारण सात ते साडेसात डोक्यांएवढी भरते. डोळे आपण नेहमी कपाळाजवळ काढतो. खरं म्हणजे ते डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. आता ऐकता ऐकता हात लावून बघा. पटलं ना? इतकी वर्षं आरशात बघतो, पण हे कधी दिसलं नव्हतं.

आणि ज्यांना गटात जमत नाही त्यांनी गोंदिया स्टेशनवर गाडीची वाट बघताना करून बघावं. कलाशाळेची पोरंही मुंबईच्या स्टेशनांवर आणि बाजारांत बसून हात तयार करतात. बोचक्यावर डोकं ठेवून झोपलेला माणूस, लेकराला मांडीवर घेतलेली बाई. एक मात्र पाळा. कोणाचं लक्ष गेलं आणि आवडलं नाही, तर वही मिटायची.

आता तो पहिला प्रश्न. पाहुण्यांच्या बघण्यात आणि या बघण्यात फरक काय? पाहुणे बघतात ते पसंत-नापसंत करायला. काढणारी बघते ती समजून घ्यायला. तिला वाकडा खांदा दिसला तर ती म्हणत नाही की हा खांदा वाकडा आहे. ती विचार करते की हा असा का, आणि मग आठवतं, ही तीस वर्षं एकाच बाजूनं घागर वाहते. आणि सगळ्यात मोठा फरक असा की थोड्या वेळानं जागा बदलतात. जी बघत होती ती बसते आणि जी बसली होती ती बघते. पाहुण्यांना कधी पाटावर बसावं लागलं नाही.

ग्रामसंघातल्या ताईंना आम्ही आता उत्तर देतो. यातून पैसा मिळत नाही, ताई. अर्धा तास कोणी आपल्याकडे दोष न काढता बघतं, ते मिळतं.

ती सून, जिच्या घरून निरोप आला होता, ती दोन महिन्यांनी परत आली. घरच्यांना अजून पटलेलं नाही. ती बसत नाही, तिची पाळी आम्ही सोडून देतो. पण ती काढते, आणि आमच्यात सगळ्यात चांगले हात तीच काढते.

मागच्या महिन्यात आमच्या गटातली सगळ्यात वयस्क आजी पहिल्यांदा बसली. जन्मभर विड्या वळल्या, धान कापलं. स्वतःचं चित्र म्हणून तिच्याकडे फक्त आधार कार्डावरचा फोटो, आणि तो तिलाच ओळखू येत नाही. त्या सुनेनं तिला काढलं, मांडीवर ठेवलेल्या हातांसकट. आजीनं कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला. म्हणाली, "बोटाच्या गाठी बरोबर आल्या जी." मग कागद परत दिला आणि म्हणाली, "खाली माहं नाव लिहा."

आम्ही लिहिलं. आधी आजीचं, आणि त्याच्या शेजारी काढणारीचं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कागदावर दोन नावं असतात.

तुमच्या गटात करून बघा आणि आम्हाला कळवा. नमस्कार.